झेलकरीण

"ठकुबाई चिंधू केणेऽऽ, हाजिर हो!"

भिवंडीच्या कोर्टात पट्टेवाल्यानं दाराशी उभं राहून पुकारा केला, तेव्हा ठकुबाई व्हरांड्यातल्या बाकावर पदराचा शेव दातात धरून बसली होती. लूमच्या खडखडाटात वाढलेलं हे शहर. इथं कुणीच हळू बोलत नाही, पट्टेवाला तर नाहीच नाही. तरी ती जागची हलेना, तेव्हा शेजारच्या सीताबाईनं तिच्या मांडीवर थाप मारली.

"ठके, ऊठ गो. तुजा नाव घेतला."

"आयकला," ठकुबाई म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

"घाबरू नको. जसा झायला तसा सांगायचा, बस."

ठकुबाईनं तिच्याकडे एकदा पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि न बोलताच आत गेली. बिचारी घाबरली असेल, असं सीताबाईला वाटलं. तिची आणि तिच्या मुलीची, करिष्माची, साक्ष मागच्या तारखेला झाली होती. त्यामुळे आज दोघींना आत बसायची मुभा होती. त्या मागच्या बाकावर जाऊन टेकल्या. पलीकडे आरोपीच्या जागी कुणाल उभा होता, दाढी तासून, शर्टाची इस्त्री न मोडता. त्याच्या मागच्या बाकावर त्याचा बाप केसरीनाथ हाताची घडी घालून बसला होता.

सीताबाई निर्धास्त होती. सकाळी तिघी एकाच रिक्षातून आल्या होत्या. आदल्या रात्री ठकुबाई तिच्याकडेच जेवायला होती. वालाची भाजी तिनं मागून मागून खाल्ली, आणि निघताना करिष्माच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. सकाळी रिक्षात, ठकुबाईच्या देखतच, सीताबाईनं मुलीला दोनदा सांगितलं होतं, "खाडीचा पानी उलटा फिरंल, पन ठकी फिरायची न्हाय."

आता हे असं छातीवर हात ठेवून सांगायचं कारण काय, तर या दोघी धवलारणी होत्या. पूर्ण्याच्या अलीकडच्या त्यांच्या गावात आणि आसपासच्या पाच-सात गावांत लग्न लागायचं ते यांच्या तोंडच्या धवल्यांवर, लग्नविधीच्या गाण्यांवर. भटजी नंतर आले, बँजोवाले त्याच्या नंतर, आणि गोदामांसाठी जमिनी जाऊन हातात गाड्या आल्यावर तर छातीत धडकी भरवणारे डीजेही आले. पण हळद लावायची, उंबर पुजायचा, देव बसवायचे, तर मांडवात धवलारीण हवीच. तिनं म्हटल्याशिवाय पान हलत नाही. या कामात एकटीचा गळा पुरत नाही. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती झेलायची. जशीच्या तशी, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. ओळ टाकायची सीताबाई आणि झेलायची ठकुबाई. दोघी एकाच वर्षी या गावात नवऱ्या म्हणून आल्या, एकाच म्हातारीकडून धवले शिकल्या. दोघींचे नवरेही पाठोपाठ गेले. गावातली टवाळ पोरं म्हणायची, सीताबाईला ठसका लागला की पाणी ठकुबाई पिते.

कुणालचं स्थळ आणलं तेही ठकुबाईनंच. केसरीनाथ तिचा सख्खा भाऊ, शेजारच्या गावचा. जमीन गोदामवाल्यांना दिलेली, दारात पांढरी गाडी, एकुलता एक मुलगा. "माज्या भावाच्या घरी तुजी पोर पडली तं आपन इहिनी इहिनी होव," असं म्हणून ती किती हसली होती! साखरपुडा थाटात झाला. पण नाकापेक्षा मोती जड व्हायला वेळ लागला नाही. करिष्मा पूर्ण्याच्या एका गोदामात मालाच्या आवक-जावकीचं काम बघायची. ते कुणालला खुपायचं. तिथं कोण कोण असतं, कोण बोलतं, फोन का उचलला नाहीस. शेवटी गावदेवीच्या जत्रेत, चार मित्रांच्या देखत, त्यानं तिच्या कानाखाली वाजवली. करिष्मानं रडारड केली नाही. घरी येऊन अंगठी काढली, साखरपुड्याची साडी घडी करून पिशवीत भरली आणि पिशवी ठकुबाईच्या हाती दिली. ठकुबाईही एका शब्दानं बोलली नाही, जाऊन भावाच्या ओटीवर ठेवून आली. त्या दिवशी सीताबाईला तिचा केवढा अभिमान वाटला होता.

मग फोन सुरू झाले. कधी शिव्या, कधी नुसता श्वास. वाटेत मोटरसायकल आडवी. सीताबाई पोलीस ठाण्यात गेली तर हवालदार म्हणाले, "एनसी घेतो. पण बाई, ठरलेलं लग्न होतं ना? आपसात बसून मिटवा." कागदावर नोंद झाली आणि कुणालला ती कळलीही. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो कोयता घेऊन दारात आला.

त्या संध्याकाळी ओट्यावर तिघी होत्या. सीताबाई आणि ठकुबाई दुसऱ्या दिवशीच्या हळदीसाठी तांदूळ निवडत होत्या आणि करिष्मा नुकतीच रिक्षातून उतरून आत शिरत होती. कुणालनं कोयत्याचं पातं दाराच्या चौकटीवर आपटलं आणि म्हणाला, "दुसऱ्या कुनाशी लगीन लावलास ना, तं तुजा तोंड आरशान बगन्यासारखा ठेवनार न्हाय. पोलिसला सांग, कोनाला पन सांग." करिष्मा भिंतीला चिकटली. सीताबाई सूप धरून बसल्या जागीच राहिली. उठली ती ठकुबाई. भाच्याचा हात धरून तिनं त्याला ओट्याखाली ओढलं. त्या झटापटीत ओट्याच्या कडेवर आपटून तिचं मनगट फुटलं, रक्त आलं. "माज्या भावाचा नाव घालवलास रे मेल्या!" असं ती ओरडली, ते अख्ख्या आळीनं ऐकलं. आळीनं नंतर काहीच ऐकलेलं नव्हतं, हा भाग वेगळा. केसरीनाथशी वाकडं घेऊन गावात राहायचं कुणाला जमणार होतं?

यावेळी मात्र पोलिसांनी गुन्हा नोंदवला. जिवे मारण्याची, चेहरा विद्रूप करण्याची धमकी, त्यात हातात हत्यार. साहेब म्हणाले, सात वर्षांपर्यंत जाऊ शकतो आत, फक्त साक्षीदार टिकला पाहिजे. रिक्षावाला मुनीर तेव्हा दाराशीच रिक्षा वळवत होता. तो आपण होऊन म्हणाला होता, "चाची, माझं नाव पण लिवा. मैने सब देखा है. कोर्टात येतो मी."

सीताबाईनं नको म्हटलं. म्हणाली, "तू कनाला पोटावर पाय आनतस, बाबा? रोज त्याच रस्त्यान रिक्षा चालवाची हाय तुला. आनी घरची मानूस साक्षीला असताना परक्याला कनाला तरास?" मुनीर दोनदा म्हणाला, मग गप्प बसला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ही म्हण काढणाऱ्याला मुलगी नसावी. सीताबाईला हवं तरी काय होतं? कुणालला फाशी नको होती की सात वर्षं नको होती. आपल्या लेकीनं सकाळी कामाला जावं आणि संध्याकाळी मान वर करून घरी यावं, वाटेत कुणाच्या मोटरसायकलचा आवाज आला तर तिनं दचकून मागे वळून पाहू नये, एवढंच.

आत ठकुबाईनं शपथ घेतली होती. सरकारी वकील मॅडमनी नाव, गाव, वय विचारून मुद्द्याला हात घातला. त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?

"सीताबायच्या घरी व्हती."

"आरोपी तिथं आला होता?"

"आयला व्हता."

"काय म्हणाला?"

ठकुबाईनं पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता. मॅडमनी पुन्हा विचारलं. "जबाबात लिवलाय ना, तोच," ती म्हणाली. मॅडम म्हणाल्या, तुमच्या तोंडून हवं. मग ती तुटक तुटक बोलली, काहीतरी ओरडत होता, रागान व्हता, असं. सीताबाई मागून पुटपुटली, "सांग गो, सांग," तर पट्टेवाल्यानं डोळे वटारले.

आरोपीचे वकील उठले. पोट सुटलेले, गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी कोयत्याचं नावच काढलं नाही.

"मावशी, तुम्ही धवलारीण ना?"

"व्हय."

"बरं का साहेब, यांच्याकडे या बायकांना मोठा मान असतो," ते न्यायाधीशांना म्हणाले आणि पुन्हा वळले. "एकट्या म्हणता का धवले?"

"न्हाय. सीताबाय आनी मी."

"पहिली ओळ कोण म्हणतं?"

"सीताबाय."

"आणि तुम्ही?"

"मी झेलतंय."

"झेलता म्हणजे ती म्हणते तेच पुन्हा म्हणता. त्यात स्वतःचं काही घालत नाही?"

"कसा घालनार? शबुद बदलला तं इपरीत व्हतं."

"अगदी बरोबर. किती वर्षं तिचं झेलताय?"

"लगीन होऊन आयली तवापासून."

वकिलांनी चष्मा पुसला. "आता आठवून सांगा. पोलीस ठाण्यात तुमचा जबाब लिहिला, तेव्हा सीताबाई शेजारी होत्या?"

"व्हत्या."

"हवालदारांनी तुम्हाला विचारलं. तुम्हाला बोलता येईना. तेव्हा सीताबाई तुम्हाला काय म्हणाल्या?"

स्वतः काय म्हणाली होती, ते सीताबाईला आठवत होतं. त्या दिवशी ठाण्यातल्या खुर्चीवर ठकुबाई पदर पिळत बसली होती. भाच्याविरुद्ध तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा तिला धीर यावा म्हणून सीताबाई मांडवात बोलावं तसं बोलून गेली होती. भोळी बाई. पोलीस ठाणं म्हणजे लग्नाचा मांडव नव्हे, हे तिला कोण सांगणार?

ठकुबाईनं मान खाली घातली. "ती म्हनाली, मी बोलतंय, तू झेल."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. केसरीनाथची हाताची घडी सुटली.

"आणि तुम्ही झेललंत?"

"झेलला."

"म्हणजे ती बोलली तेच तुम्ही बोललात. आता शेवटचं विचारतो मावशी, शपथेवर आहात. तुम्ही स्वतःच्या कानांनी कुणालची धमकी ऐकलीत?"

पंखा वर करकरत होता. ठकुबाईनं डोळे मिटले. धवल्यात अवघड जागा आली की ती असेच डोळे मिटायची.

"न्हाय. मी आतमंदी व्हती. मी काय आयकला न्हाय."

करिष्मा उभीच राहिली. "मावशी!" तिचा आवाज कोर्टभर गेला. न्यायाधीशांनी वर पाहिलं, पट्टेवाला धावला, सीताबाईनं मुलीचा हात धरून तिला खाली बसवलं. न्यायाधीश लेखनिकाला सावकाश सांगू लागले, "मी स्वतः आरोपीची धमकी ऐकलेली नाही. सीताबाई हिने सांगितले, तेच मी पोलिसांसमोर सांगितले." टाइपरायटर खडखडला. मॅडमनी साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून बरेच उलटसुलट प्रश्न विचारले. मनगटावरच्या जखमेचं काय? पाय घसरून पडली, ठकुबाई म्हणाली. तिचं एकही उत्तर अडखळलं नाही.

सीताबाईला काही ऐकू येत नव्हतं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ठाण्यात ती ते वाक्य बोलली तेव्हा खोलीत तिघंच होती. ती, ठकुबाई आणि लिहिण्यात मान घातलेले हवालदार. मग त्या पोटवाल्या वकिलाला ते कळलं कसं? आज पिंजऱ्यात घाबरून ठकीची जीभ घसरली, असं नव्हतं. ती आधी जाऊन बसली होती त्यांच्यात. कधीतरी, भावाच्या ओटीवर चहा घेत तिनं हे सांगितलं होतं. वकिलानं ते ऐकून मांडीवर थाप मारली असेल. आणि त्यानंतर तिनं काल रात्री वालाची भाजी मागून घेतली होती. करिष्माच्या गालावरून हात फिरवला होता. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते सीताबाईला त्या बाकावर बसल्या बसल्या समजलं. दुखत नाही आधी. मग एकदम दुखतं.

बाहेर मॅडम फाईल बगलेत मारून म्हणाल्या, "दुसरा साक्षीदार नव्हता का हो? घरच्या बाहेरचा कुणी?"

गेटपाशी मुनीर रिक्षा लावून उभा होता. सीताबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नव्हता.

मुनीरनं रिक्षा आणली. तीन आल्या होत्या, दोघीच बसल्या. पांढरी गाडी त्यांच्या अंगावरून गेली. मागच्या सीटवर ठकुबाई बसली होती, मान पलीकडे करून. मुनीरला सगळं समजलं असावं. त्यानं एवढंच विचारलं, "चाची, पाणी पिता का?"

निकाल लागायला आणखी एक पावसाळा गेला. संशयाचा फायदा देऊन आरोपीची निर्दोष मुक्तता. मॅडम म्हणाल्या, अपील करता येईल, पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. कुणालनं पुन्हा फोन केला नाही की शिवी दिली नाही. तेवढा तो शिकला होता. तो नुसता नाक्यावर मोटरसायकल लावून आरशात केस विंचरत उभा राहायचा. करिष्मा येताना दिसली की कंगवा खिशात ठेवायचा. यात कुठलं कलम लागतं? हवालदारांनीच विचारलं. तेव्हापासून मुनीर तिला गोदामाच्या फाटकातून घ्यायचा आणि थेट ओट्याशी सोडायचा. पूर्वी नाक्यापासून ती मैत्रिणींबरोबर गप्पा मारत चालत यायची, ते बंद झालं. मान वर करून चालणारी पोर रिक्षातही ओढणीआड बसू लागली.

सीताबाईनं लग्नांची बोलावणी घेणं सोडलं. घसा बसलाय, म्हणायची. लोक समजून घेत, कारण सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. ठकुबाईला कुणी एकटीला बोलवत नव्हतं. नुसत्या झेलणारीला घेऊन करायचं काय? त्या मोसमात बऱ्याच लग्नांत रेकॉर्ड केलेले धवले वाजले.

आणि मग माघात एके दिवशी सकाळी केसरीनाथ स्वतः दारात आला. हातात ताट, ताटात नारळ, विड्याची पानं, सुपारी. मागे चार पावलांवर ठकुबाई. त्या तारखेनंतर ती या ओट्याशी पहिल्यांदाच येत होती. वाळली होती.

"सीताबाय, कुनालचा लगीन ठरला," केसरीनाथ ओट्यावर बसत म्हणाला. बस म्हणायची वाट त्यानं पाहिली नाही. "खारबावची पोर हाय, रुचिका. चांगली मानसा हाईत. तवा धवल्याची सुपारी घेऊन आयलू."

सीताबाई सुपात सुक्या मासळीच्या वाकट्या साफ करत होती. तिचे हात थांबले. माणूस किती निगरगट्ट असावा? पण केसरीनाथला आपण काही चुकतोय असं वाटत नव्हतं, खरंच वाटत नव्हतं. कोर्टानं सोडलं म्हणजे झालंच नाही, असा त्याचा सरळ हिशेब होता.

"झाला गेला खाडीला मिलाला," तो म्हणाला. "कोर्टान पन सांगितला, पोराची चूक न्हाय. आनी धवलारीन सुपारी परत करत न्हाय, ही आपली रीत हाय. मी सांगाया पायजे का तुला?"

आतून करिष्मा दारात येऊन उभी राहिली. तिला पाहून केसरीनाथनं नजर ताटाकडे वळवली.

"तिला म्हाईत हाय?" सीताबाईनं विचारलं.

"कोनाला?"

"खारबावच्या पोरीला. कोयत्याचा."

केसरीनाथचा चेहरा लाल झाला. "कसला कोयता? निकाल लागला ना?"

"लागला," सीताबाई म्हणाली. तिनं हात पदराला पुसले, ताटातली सुपारी उचलली, आणि केसरीनाथच्या डोक्यावरून पलीकडे, ठकुबाईपुढे धरली. "रीत मोडत न्हाय, दादा. सुपारी घेतली. पन ही हिचीच. हिला समदा पाठ हाय. आनी यावेली तिला काय बोलायचा ता सांगायला मी जवल नसेन. नायतं परत तुमचा वकील म्हनेल, सीताबायनी सांगितला तेच बोलली."

केसरीनाथ ताडकन उठला. ताट तिथंच टाकून तो गाडीकडे निघाला आणि बहिणीला हाक मारली. ठकुबाई गेली नाही. सुपारी मुठीत घेऊन ती ओट्याच्या पायरीशी बसली.

"सीते, मना पयली ओल टाकता येत न्हाय," ती म्हणाली.

"कोर्टान टाकलीस की. चांगली सुरात टाकलीस."

ठकुबाईनं ते खाली मान घालून घेतलं. मग म्हणाली. "तुला पोर हाय. मना कोन हाय? त्यो म्हनाला, साक्ष दिलीस तं या घराचा दार बंद. मेलीस तरी उचलाया येनार न्हाय. भाऊबीजेला कुठं जाव मी, सीते? माज्या मातीला कोन येल?"

"मी आयली असती," सीताबाई म्हणाली. "मी आनी माजी पोर. तिनी खांदा दिला असता तुला, बाई मानूस असून. तुजा हात फुटला तवा तिनीच बांधला व्हता ना गो?"

इतके दिवस सीताबाई रडली नव्हती, निकालाच्या दिवशीही नाही. आता या बाईच्या पुढ्यात डोळ्यांना धार लागली आणि त्याचीही तिला चीड आली. ठकुबाईनं तिच्या पायाला हात लावायला हात पुढे केला. सीताबाईनं पाय मागे घेतला. गाडीचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. ठकुबाई उठून गेली.

लग्नाच्या दिवशी सकाळीच केसरीनाथच्या गावचा कर्णा सुरू झाला. मधे पूर्वी नुसती भातशेती होती. आता गोदामांची पत्र्याची छपरं झाली, आणि आवाज त्यांच्यावर आपटून इकडे अधिकच स्पष्ट येत होता. सीताबाई परसात भांडी घासत होती. करिष्मा कामावर जायला तयार होऊन डबा भरत होती. आधी बायकांची गडबड, कुणीतरी माईकवर फुंकर मारली, हळद आणा, उंबराची डहाळी आणा. मग ठकुबाईनं ओळ टाकली.

पट्टी चुकली होती. फार खालून सुरुवात झाली. सीताबाईला हातातलं पातेलं ठेवून द्यावंसं वाटलं. ओळ झाली आणि ठकुबाई थांबली. दुसऱ्या आवाजाची वाट पाहत थांबली, आणि तो नाही म्हणून आपली ओळ आपणच झेलली. पुन्हा ओळ, पुन्हा थांबणं. कर्ण्यातून तिचा दम लागलेला ऐकू येत होता.

"भांडी आत घेऊ का?" करिष्मानं विचारलं.

"र्‍हाव दे."

हळदीचा धवला पुढे सरकत होता. नवऱ्याचं झालं, आता नवरीला पाठवायची हळद आली. इथं धवल्यात नवरीच्या नावानं राखण मागायची असते. उंबराला, गावदेवीला, खाडीला. या पोरीच्या वाटेला काटा नको, तिच्या माथ्यावर कुणाचा हात उगारला जाऊ नये. ठकुबाईनं "रुचिका" असं नाव घेतलं आणि अडली. पुन्हा नाव घेतलं, पुन्हा अडली. तिसऱ्यांदा नुसता श्वास ऐकू आला. पुढची ओळ तिला येत नव्हती असं कसं होईल? हजार वेळा तिनं ती झेलली होती. पण त्या मांडवात, त्या नवरदेवासमोर, ती तिच्या तोंडातून निघेना.

राखणीची ओळ अर्धी राहिली तर ते विपरीत नवऱ्यावर जात नाही, नवरीवर जातं. सगळ्या धवलारणींना हे पहिल्या दिवशी शिकवतात. मांडवात कुजबुज वाढली. कर्ण्यात खरखर चालू झाली.

सीताबाईनं राखेचे हात तसेच गुडघ्यावर ठेवले. कुणालची ती सावलीही घेणार नव्हती. ठकीचा आवाज तिला या जन्मी जवळ नको होता. पण खारबावची ती पोर तिनं पाहिलेलीही नव्हती. तिनं डोळे मिटून, परसातल्या परसात, हळू आवाजात ती ओळ म्हटली. अख्खी, एक अक्षर न गाळता.

आणि सवयीनं थांबली.

करिष्मा डबा हातात घेऊन दारात उभी होती. बाहेर मुनीरच्या रिक्षाचा हॉर्न वाजला. ती गेली नाही. आई अजून कान देऊन कुणाची तरी वाट पाहत होती, आणि गोदामांच्या पत्र्यांवरून नुसती खरखर येत होती.